मुलांचा तंतुवाद्यमेळ : थोडा पूर्वेतिहास

गोंधळ आपण सर्वजणींनी पाहिलेला आहे. नाईक पुढे होऊन आख्यान लावतो, संबळ कडाडतो, दिवटी तेवत असते आणि नाईकाच्या मागे एकजण तुणतुणे घेऊन उभा असतो. त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. एक तार आणि एक स्वर, रात्रभर तोच. परंतु पहाटेच्या सुमारास नाईकाचा गळा वर चढतो तो कशाच्या आधाराने, हे तुणतुणे क्षणभर थांबले म्हणजे कळते.

मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी “काही ऐतिहासिक लिहा” अशी आज्ञा केली, तेव्हा मला प्रथम हा तुणतुणेवालाच आठवला. त्याला कारण आहे. आपल्या मंडळाच्या बालवर्गात सध्या नऊ व्हायोलिने, दोन दिलरुबे आणि एक मेंडोलिन आहे. वर्ग मी घेते. बारा मुलांपैकी दोघी चांगल्या तयार आहेत, चौघापाचांचा हात बसत आला आहे, आणि उरलेल्यांना अजून गज सरळ ओढता येत नाही. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात या सर्वांनी बसावे की दोघीतिघींनीच, यावर गेल्या बैठकीत पुष्कळ बोलणे झाले. पाहुण्यांसमोर नीट व्हायला हवे, हे एक मत. “माझी मुलगी नुसती उघडी तारच ओढणार असेल तर तिला बसवूच नका, तिला लाज वाटते,” हे एका आईचे मत. दोन्ही मते मनापासून मांडली गेली. ती मुलगी मात्र त्यानंतर वर्गाला आलेली नाही. तेव्हा कमीअधिक तयारीच्या मुलांना एकत्र वाजवायला लावण्याचा हा उद्योग आपल्या आधी कुणी कुणी केला आणि कसा केला, हे भगिनींपुढे मांडावे असे मनात आले.

आपल्या हिंदुस्थानी संगीतात हा प्रश्न फार उशिरा उभा राहिला, कारण आपले शिक्षण एका गुरूपुढे एक शिष्य असे चालत आलेले. शिष्य कच्चा असला तर गुरू त्याच्यापुरते सोपे करून सांगत. वर्ग भरवून गाणे शिकविण्याची चाल पडली ती अलीकडची. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. दोघांनीही स्वर लिहिण्याची पद्धत बसविली, पुस्तके छापली, आणि घरंदाज मुलामुलींना गाण्याचे दार उघडून दिले. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण वर्गातली मुले म्हणत ती एकच चीज, एकाच चालीने.

गळ्याला ते चालून जाते. आपल्याच जिल्ह्यात मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. शंभरात दहाजण बेसूर असले तरी ते नव्वदांच्या स्वरात विरून जातात. तंतुवाद्याचे तसे नाही. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट जवाएवढे सरकले तरी स्वर उतरतो, आणि गज वाकडा पडला की गंज चढलेल्या बिजागरीसारखा आवाज निघतो. दहा पक्की व्हायोलिने मिळूनही एका कच्च्याला झाकू शकत नाहीत. म्हणून येथे मुलांना नुसते शेजारी शेजारी बसवून भागत नाही, प्रत्येकाच्या हाताला झेपेल असा वेगळा भाग लिहून द्यावा लागतो.

अशी वेगळाली लिहिण्याची विद्या फार दूर नव्हती. ती गोव्यात होती, आणि ती सुद्धा चांगली तीन-चार शतके.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. पुढे सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चर्चला जोडून गावोगाव शाळा निघाल्या. त्या काळात तिथे धर्माच्या नावाने जे जे झाले ते आनंदाने आठवण्यासारखे नाही, आणि या शाळाही चर्चच्या सोयीसाठीच होत्या, हे विसरू नये. पण संगीताच्या दृष्टीने त्या शाळांत एक मोठी गोष्ट घडली. तिथला मास्तर, त्याला ‘मेस्त्र’ म्हणत, गावच्या पोरांना प्रार्थनेबरोबर स्वरवाचन शिकवी आणि मग हातात व्हायोलिन देई. आधी तोंडाने स्वर वाचायचा, मगच तारेला हात लावायचा, असा क्रम. शेतकऱ्याचे पोर असो, रेंदेराचे असो की सुताराचे, कागदावरचे पाश्चात्त्य स्वरलेखन त्याला वाचता येऊ लागे.

आता या मेस्त्राची अडचण पाहा. गावच्या चर्चचा सण ठरल्या तारखेला येणार, उपवासाच्या चाळीस दिवसांतली मिरवणूक ठरल्या दिवशी निघणार. पोरे तयार झाली आहेत की नाहीत हे सण विचारीत नाही. एखाद्या वर्षी दोन मुले उत्तम वाजवणारी, पुढच्या वर्षी त्यांतला एक बोटीवर नोकरीला निघून गेलेला. शहरातून पट्टीचे वादक आणायला पैसा कुठला? तेव्हा आहेत त्या मुलांवर निभवायचे, आणि त्यांच्या बेताचे संगीत आपणच रचायचे. गोव्यातल्या कितीतरी मेस्त्रांनी उपवासकाळात गायची मोतेत नावाची गीते स्वतः रचली. त्यांच्या साथीला बहुधा दोन व्हायोलिने, क्लॅरिनेट आणि एक मोठे खर्जाचे तंतुवाद्य असे. या मांडणीतच युक्ती आहे. पहिले व्हायोलिन मुख्य चाल सांभाळते. दुसरे व्हायोलिन बहुतेक वेळ तिच्याच पावलावर पाऊल टाकून, दोन स्वर खालून चालते. म्हणजे पहिल्याचे ऐकून ऐकून दुसऱ्याला वाट सापडते. आणि खर्जाचे वाद्य सावकाश, एकेका मात्रेवर मोजके स्वर देते. तीन पायऱ्यांचे तीन भाग झाले, आणि तिन्ही लागतातच. दुसरे व्हायोलिन गप्प राहिले तर पहिले उघडे पडते, खर्ज गेला तर दोघे अधांतरी. आपल्या तुणतुण्याला तिथे असे मानाचे आसन मिळाले होते, म्हणायचे.

गोव्याच्या मांडो गाण्यातही हीच दोन स्वरांची जोडचाल ऐकू येते. घुमटाच्या ठेक्यावर दोन गळे, त्यांच्या बरोबर व्हायोलिन. म्हणजे चर्चमधली विद्या लग्नाच्या मांडवात पोहोचली. विद्या अशी पोहोचली तरच ती गावची होते, असे मला वाटते.

गोव्याच्या या शाळांत वाद्य हाती येई ते मुख्यतः मुलग्यांच्या. भगिनींना पुढचा प्रश्न सुचलाच असेल, की मुलींचे काय? त्यासाठी इटलीतल्या व्हेनिस शहरात जावे लागते. तिथे टाकून दिलेल्या अर्भकांना सांभाळणारा ‘पिएता’ नावाचा एक अनाथाश्रम होता. १७०३ मध्ये तिथे अंतोनिओ विवाल्डी नावाचा एक तरुण धर्मोपदेशक व्हायोलिनशिक्षक म्हणून लागला. मध्ये मध्ये खंड पडला, तरी आयुष्याचा मोठा काळ तो त्या मुलींसाठी रचना करीत होता. आश्रमातल्या मोठ्या मुली धाकट्यांना शिकवीत. जाळीच्या आड बसून त्या वाजवीत आणि परदेशचे प्रवासी त्यांना ऐकायला येत. आईबापांचे नाव नसलेल्या मुली त्या, आणि सगळ्या युरोपात त्यांच्या वादनाची ख्याती झाली!

विवाल्डीच्या रचनांची घडण पाहिली तर आमच्यासारख्या वर्ग घेणारीला तिच्यातून पुष्कळ शिकता येते. सर्वांनी मिळून वाजवायचा एक ठसठशीत भाग असतो, तो पुन्हा पुन्हा येतो. मधल्या जागेत एकटी तयार मुलगी आपली करामत दाखवते, तेव्हा बाकीच्या थोडे वाजवतात किंवा थांबून दम घेतात, आणि मग सगळ्या मिळून पुन्हा त्या ओळखीच्या भागावर येतात. भजनातले ध्रुपद आणि कडवे यांचेच हे भावंड. तयार मुलीला मोकळे रान मिळते, कच्चीला आपले ध्रुपद पक्के करायला वेळ मिळतो, आणि कुणी कुणाला मागे ओढीत नाही. १७११ मध्ये छापलेल्या त्याच्या संग्रहात तर चार व्हायोलिनांनी आळीपाळीने पुढे यावे अशाही रचना आहेत.

(व्हायोलिनची गोष्ट निघालीच आहे तर जाता जाता सांगते. आपल्या सिपना नदीचे नाव कोरकू भाषेतल्या सागाच्या नावावरून आलेले. इतका साग भोवती असून व्हायोलिनला त्याचा उपयोग नाही. त्याचे पोट स्प्रूस नावाच्या हलक्या देवदारी लाकडाचे आणि पाठ मेपलची लागते. आणि हे परदेशी लाकूड सेमाडोहच्या पावसाळ्यात असे रुसते की खुंट्या फुगून बसतात, पिळता पिळत नाहीत. आषाढ-श्रावणात आमचा निम्मा तास तारा मिळविण्यातच जातो.)

बरे, हे झाले पाश्चात्त्य पद्धतीचे. आपल्या रागदारीत कुणी मुलांचा तंतुवाद्यमेळ बसविला का? बसविला, आणि तो सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या मैहरला. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ हे मैहरच्या राजाच्या पदरी होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने घरेच्या घरे ओस पाडली. तो तडाखा आपल्या वऱ्हाडालाही बसला होता. मैहरात पोरक्या झालेल्या मुलांना जमवून खाँसाहेबांनी त्यांच्या हाती वाद्ये दिली आणि त्यातून मैहर बँड उभा राहिला. सरोद, सतार, सारंगी, व्हायोलिन, हार्मोनियम, तबला सगळे त्यात आले. एवढ्यावर न थांबता त्यांनी बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे ‘नलतरंग’ हे नवेच वाद्य केले. माणसे मारायच्या नळीतून स्वर काढणारा हा माणूस घरच्या शिष्यांना शिकविताना अतिशय कडक म्हणून प्रसिद्ध. रविशंकर आणि अली अकबर त्याच तालमीतले. पण ज्यांना पुढे कधी मैफल करायची नव्हती अशा पोरक्या पोरांसाठी त्यांनी छोट्या छोट्या गती रचल्या.

मैहरची रीत गोव्याहून निराळी. तिथे बहुतांशी सर्व वाद्ये मिळून एकच चाल वाजवतात. छेडायची वाद्ये तिला टोक देतात, गजाची वाद्ये तोच स्वर लांबवून धरतात. चाल एकच असल्यामुळे ती आखूड आणि डौलदार हवी, आणि वेगवेगळ्या वाद्यांच्या आवाजानेच तिला रंग चढायचा. रागाला कुठे धक्का लागत नाही, हा मोठा फायदा.

कारण गोव्याची जोडचाल आपण उचलली आणि रागावर बसविली, तर पंचाईत होते. भूपाचेच उदाहरण घ्या. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. पाश्चात्त्य रीतीने ऋषभाच्या वर दोन स्वरांवर जोडीदार बसवला तर तो नेमका मध्यमावर जाऊन बसतो, आणि भूप संपला! त्यावर उपाय आहे. जोडीदार रागाच्याच शिडीवरून एक पायरी सोडून चढवायचा. म्हणजे साबरोबर ग, रेबरोबर प, गबरोबर ध, पबरोबर वरचा सा. वर्ज्य स्वर कुठेच लागत नाही आणि कानाला गोड वाटते. शिवाय भूपात षड्ज आणि पंचम दोन्ही आहेत. आपल्याकडे व्हायोलिनच्या दोन तारा षड्जाला आणि दोन पंचमाला मिळवतात. तेव्हा ज्या मुलाला अजून बोट टेकवता येत नाही त्याच्याही चारही उघड्या तारा भूपात उपयोगाच्या. उलट मालकंस घेतला तर पंचमच वर्ज्य, आणि त्या बिचाऱ्याच्या निम्म्या तारा फुकट गेल्या. मागच्या बैठकीत एका भगिनीने “मालकंस घ्या, भारदस्त वाटतो” अशी सूचना केली होती. तिला मी नाही म्हटले ते एवढ्याचसाठी. मालकंसाशी माझे वैर नाही.

गोव्याची विद्या मग मुंबईत कशी आली, ते थोडक्यात सांगते, कारण रेडिओवर आपण ती आयुष्यभर ऐकली आहे. पोटासाठी गोव्याचे वादक मुंबईत आले. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, त्यात ते होते, आणि सिनेमाच्या स्टुडिओत तर होतेच. कागदावर स्वर लिहून पन्नास वादकांना पन्नास भाग वाटून देणे त्यांना लहानपणापासून ठाऊक. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागची वाद्यांची मांडणी सेबॅस्टियन डिसूझा करीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस असेच चर्चच्या संगीतातून आलेले. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यमेळ उभा करून भारतीय रागांवर रचलेले संगीत सादर केले. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. ते व्हायोलिन शिकवीतही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत प्यारेलाल होते, आणि ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ च्या चित्रपटातले ज्या नावाचे गाणे आपली मुले गणपतीत नाचत म्हणतात, ते नाव या गुरूचे आहे. शिष्याने गुरूला वाहिलेले हे फूल लोकांनी विनोद म्हणून घेतले, हेही एक गंमतच.

प्यारेलाल आणि लक्ष्मीकांत कुडाळकर यांची लहानपणीची गाठ पडली ती मंगेशकर कुटुंबाने मुलांसाठी चालविलेल्या ‘सुरील कला केंद्रा’त. एकाच्या हाती व्हायोलिन, एकाच्या हाती मेंडोलिन. तिथे येणारी सगळीच मुले काही पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल झाली नाहीत. पण त्या दोघांना भोवती इतर मुले नसती तर बरोबर वाजवायची सवय कुठून लागली असती? अलीकडे, २००९ मध्ये, पणजीला डॉ. लुईस डायस यांनी ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ काढून गरीब घरांतल्या मुलांच्या हाती व्हायोलिने दिली. गोव्यातली जुनी वाट अशी पुन्हा चालती झाली.

आपल्या कार्यक्रमासाठी मी जे बसविले आहे त्यात थोडे गोव्याचे आहे, थोडे मैहरचे. भूपातली आठ मात्रांची एक गत. तयार दोघी ती गत आणि तिचे पलटे वाजवतील. मधल्या मुली वर सांगितलेली जोडचाल धरतील. दिलरुब्याला पडदे असतात, बोटाला घर सापडते, म्हणून ज्यांचा स्वर डळमळतो अशा दोघांना दिलरुबे दिले आहेत; त्यांनी गतीची पहिली ओळ तेवढी फिरून फिरून वाजवायची. मेंडोलिन सम दाखवील. बाकीच्यांनी षड्ज-पंचमाच्या उघड्या तारा, चार मात्रांना एक गज, याप्रमाणे ओढायच्या. हा शेवटचा भाग सोपा म्हणून मी कुणालाही देणार नाही. गज संथ, सरळ आणि समेवर वळणारा हवा. तयार मुलींनाही तो आधी आठवडाभर वाजवायला लावला, आणि दोघींपैकी एकीला तो नीट येईना.

फिरून फिरून एकच ओळ वाजविण्याची युक्ती मी घेतली ती होळीतल्या कोरकू नाचांच्या चालींवरून. छोटी चाल, न संपणारी. नाचणारे दमतात पण चाल दमत नाही. पुढे वाचनात आले की इंग्लंडात एका संगीतशिक्षकाने शाळेच्या मुलींसाठी असेच केले होते. त्याची हकीगत सांगते. गुस्ताव होल्स्ट त्याचे नाव. लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये १९०५ साली तो संगीतशिक्षक म्हणून लागला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. आपल्याला त्याच्याविषयी आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. ऋग्वेदातली सूक्ते स्वतः भाषांतर करून संगीतात बसविता यावीत म्हणून हा गृहस्थ संस्कृत शिकला, आणि महाभारतातल्या सावित्रीच्या आख्यानावर त्याने १९०८ मध्ये एक छोटे संगीत नाटक लिहिले. वटपौर्णिमेचे सूत गुंडाळताना लंडनमधल्या या मास्तराची आठवण ठेवायला हरकत नाही.

शाळेने संगीतासाठी नवी खोली बांधून दिली, त्या कृतज्ञतेने त्याने १९१३ मध्ये मुलींच्या तंतुवाद्यांसाठी ‘सेंट पॉल्स स्वीट’ ही रचना केली. तिच्या शेवटच्या भागात एक जुनी इंग्रजी नाचाची चाल आहे, छोट्याशा घरात गरगर फिरणारी. ती कधी या व्हायोलिनांत, कधी त्या, चालूच राहते, आणि मध्येच तिच्यावरून ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ ही दुसरी, संथ चाल निघून जाते. दोन्ही एकमेकींत अशा बसतात की ऐकणाऱ्याला मुख्य कोणती हे सांगता येऊ नये. आज जगभरचे मोठे वाद्यवृंद ती रचना वाजवतात. लिहिली गेली ती शाळकरी मुलींसाठी.

पुढे १९३३ मध्ये होल्स्ट आजारी पडून रुग्णालयात होता. तिथे पडल्या पडल्या त्याने आणखी एक रचना केली, शाळेच्या धाकट्या वाद्यवृंदासाठी, म्हणजे ज्यांचा हात अजून बसायचा आहे अशा मुलींसाठी. शाळा ज्या भागात आहे त्याच्या नावावरून ‘ब्रुक ग्रीन स्वीट’ असे तिचे नाव. मार्च १९३४ मध्ये शाळेतल्या एका घरगुती कार्यक्रमात ती वाजविली गेली, आणि ती ऐकायला तो आला होता. मे महिन्यात तो वारला.